एचडीएफसी बँकेचा शेअर "अर्ध्या किमतीत" मिळतोय? नाही, खुलासा वाचा

सध्या एक मेसेज फिरतोय की एचडीएफसी बँकेचा शेअर आधी दोन हजाराच्या आसपास होता आणि मग एकदम हजाराखाली आला, म्हणजे एवढी मोठी बँक निम्म्या भावात मिळतेय, घेऊन टाका. प्लीज हे फॉरवर्ड करू नका, चुकीचं आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये बँकेने 1:1 बोनस दिला (एका शेअरमागे एक शेअर फुकट), रेकॉर्ड डेट (त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर त्यालाच बोनस) 27 ऑगस्ट, नेमकी गणेश चतुर्थी, बाजार बंद, त्यामुळे भाव 26 लाच अॅडजस्ट झाला. ज्याच्याकडे 10 शेअर होते त्याचे 20 झाले आणि प्रत्येकाचा भाव निम्मा, एकूण रक्कम तीच. बोनसचे शेअर डिमॅटला जमा व्हायला थोडे दिवस लागतात, तोवर अॅपमध्ये गुंतवणूक निम्मी झालेली दिसते आणि लोक घाबरून विकतात, याचं फार वाईट वाटतं.

आणि स्वस्त झाला म्हणाल तर शेअर दुप्पट झाले की ईपीएस (एका शेअरमागचा नफा) आणि बुक व्हॅल्यू (बँकेची मालमत्ता वजा देणी) पण प्रति शेअर निम्मी होते, म्हणून पीई (भाव भागिले ईपीएस) आणि पीबी (भाव भागिले बुक व्हॅल्यू) रेशो होता तिथेच राहतो. बँक घेताना नुसता भाव बघून काय कळणार, पीबी बघा, नेट एनपीए (थकलेली कर्जं, तरतूद वजा करून) बघा, कासा (चालू आणि बचत खात्यातल्या स्वस्त ठेवी) किती टक्के आहे ते बघा, एचडीएफसी लिमिटेड ही गृहकर्ज देणारी कंपनी जुलै 2023 मध्ये बँकेत विलीन झाल्यावर कासाचं प्रमाण खाली आलं आणि नेट इंटरेस्ट मार्जिनवर (व्याजाची कमाई आणि व्याजाचा खर्च यातला फरक) ताण आला, माझ्या मते खरा अभ्यास तिथे करायचा.

टॅक्सचं पण लक्षात ठेवा, बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात, म्हणजे ते विकले की आलेली सगळी रक्कम नफा धरली जाते.