‘80 टक्के अनुवंशिक’ म्हणजे काय नाही

लग्नसराई जवळ आली की व्हॉट्सॲपवर स्किझोफ्रेनियाबद्दल, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराबद्दल, एक मजकूर फिरू लागतो: ‘स्किझोफ्रेनिया 80 टक्के अनुवंशिक आहे. आईबापांना असेल तर मुलांना होणारच. परिस्थितीचा काही संबंध नाही. अशा घरांशी सोयरीक टाळली की आजार आपोआप संपेल.’

80चा आकडा खोटा नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून साधारण तेवढाच येतो. पण लोकांमध्ये या आजाराच्या धोक्यात जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. समोर बसलेल्या मुलीबद्दल तो काहीच बोलत नाही.

मग ‘होणारच’चं काय? हा आजार आयुष्यात साधारण शंभरातल्या एकाला होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल, तर शंभरातल्या दहाजणांना. वाढ मोठी आहे, ती लपवू नये. पण उरलेल्या नव्वदांना तो होत नाही. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तीच असतात, तरी एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्यावर जात नाही.

‘परिस्थितीचा संबंध नाही’ हे तर मला सर्वांत जास्त खटकतं. 1944-45च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्समध्ये लोक उपाशी मेले. त्या उपासमारीच्या ऐन दिवसांत जी मुलं आईच्या पोटात राहिली, त्यांच्यात पुढे हा आजार सुमारे दुप्पट आढळला. फिनलंडमध्ये मनोविकारतज्ज्ञ पेक्का तिएनारी यांनी आजारी आयांची दत्तक गेलेली मुलं अभ्यासली. धोका वाढलेला दिसला तो मुख्यतः बेबनावाच्या घरांत वाढलेल्यांमध्ये. (याचा अर्थ आईबापांना दोषी धरा असा नाही. तीही तितकीच क्रूर चूक.)

राहिली सोयरीक. बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांना हा आजार नसतोच, मग टाळणार कोणाला? जर्मनीने हे सगळं करून पाहिलं आहे. 1933च्या कायद्याने सक्तीची नसबंदी केली, 1940-41मध्ये सुमारे सत्तर हजार मनोरुग्ण आणि अपंग विषारी वायूने मारले. युद्धानंतर तिथे स्किझोफ्रेनियाचे नवे रुग्ण कमी झालेले दिसले नाहीत.

या मजकुराने एकच गोष्ट वाढते, लपवाछपवी. ‘लग्न होईपर्यंत गोळ्या बंद ठेव, कुणाला कळायला नको,’ असं घरचेच मुलीला सांगतात. गोळ्या अशा अचानक सुटल्या, की आटोक्यात आलेला आजार उलटण्याचा धोका कितीतरी वाढतो.