वीट सांगून फुटत नाही, भाऊ

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया शुक्रवारी रात्रीच वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुमच्या एका मुद्द्यात तथ्य आहे असं वाटलं आणि तो मला आधी स्वतः मोजून बघायचा होता. रविवारी मोजला. त्याबद्दल खाली लिहितोच.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की नुसत्या जॅकवर किंवा विटांवर टेकवलेल्या गाडीखाली शिरू नका, स्टँडची, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या लोखंडी तिवयांची जोडी घ्या. तुमचं म्हणणं असं की मी लोकांना उगाच घाबरवतो. तुमचे मिस्त्री वीस वर्षांपासून विटांवर गाडी ठेवून काम करतात आणि त्यांना खरचटलंही नाही. विटांवर तीन मजली घर उभं राहतं, तर गाडी का नाही? शिवाय स्टँडही तुटतात, अमेरिकेत कंपनीला ते परत मागवावे लागले. आणि शेवटी, 'काढलेलं चाक गाडीखाली सारून ठेवा म्हणजे जीव वाचतो' हे माझं वाक्य चुकीचं आहे.

विटांपासून सुरुवात करतो, कारण नागपुरात हाच प्रकार सगळ्यात जास्त चालतो. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांमुळे आपल्याकडे राखेच्या विटा मुबलक आहेत. कोणत्याही लेआउटमध्ये जा, बांधकामातून उरलेल्या पंधरा-वीस विटा कंपाउंडच्या कोपऱ्यात रचलेल्या दिसतील. हाताशी असतात म्हणून वापरल्या जातात. आणि तुमचा घराचा दाखला चुकीचा नाही. राखेची चांगली वीट चौरस सेंटिमीटरला ७५ किलोच्या आसपास दाब सोसते. आडव्या विटेचा वरचा भाग साधारण २५० चौरस सेंटिमीटर धरला तर हिशोब १८ टनांच्या वर जातो. छोट्या गाडीचं सगळं वजन ८००-९०० किलो, त्यातला पुढच्या एका कोपऱ्याचा वाटा अडीचशे किलोच्या आसपास. कागदावर वीट कितीतरी पटीने जिंकते.

पण ते १८ टन कधी? विटेच्या दोन्ही बाजू सपाट टेकलेल्या असतील आणि भार सगळ्या पृष्ठभागावर सारखा पसरला असेल तेव्हा. भिंतीत नेमकं हेच काम सिमेंटचा मसाला करतो. विटेचा खडबडीतपणा भरून काढतो आणि भार पसरवतो. गाडीखाली मसाला नसतो. सिलची, म्हणजे दारांखालच्या लांब पट्ट्याची, खालची कड म्हणजे पत्र्याचे थर वेल्ड करून केलेली उभी पट्टी, जाडी दोन-तीन मिलिमीटर. अडीचशे किलो त्या धारेवरून विटेवर उतरतात. आपण वीट तोडतो तेव्हा छन्नी ठेवून वर हातोडी मारतो ना, तशी ती कड विटेवर बसलेली असते. त्यात खालची वीट जराशी वाकडी असली की वरची वीट मधोमध वाकायला बघते. वीट दाबाला पक्की असते, पण वाक तिला सोसत नाही. लाकूड मोडण्याआधी कुरकुरतं, लोखंड वाकतं, डोळ्यांना दिसतं. वीट काहीच सांगत नाही. एका क्षणी अख्खी असते, पुढच्या क्षणी तिचे दोन तुकडे झालेले असतात. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचं तर याहून वाईट, तो आडवा ठेवला तर सगळा भार त्याच्या पातळ भिंतींवर येतो.

हे मी ऐकीव लिहीत नाही. मानेवाड्यात आमच्या घराच्या पोर्चमध्ये कोटा फरशी आहे. गेटपासून चार पावलांवर त्या फरशीत अर्धचंद्रासारखी एक खाच आहे, साधारण दोन बोटं लांब. ऐन मे महिन्यात, सकाळी सातला, ऊन चढायच्या आत काम उरकावं म्हणून मी सायलेन्सरचा लटकता रबर बदलायला घेतला होता. डावं पुढचं चाक काढलेलं, सिलखाली चार विटा, बाजूला गाडीसोबत आलेला कैची जॅक. खाली शिरलो, १४ नंबरचा पाना लागेना, १२ चा आणायला बाहेर सरकलो. उठून बसलो आणि 'टक्' असा आवाज आला, सुपारी फुटावी इतकाच. गाडी बसली. ती खाच ब्रेक डिस्कची आहे. कैची जॅक शेजारी आडवा पडला होता, त्याचा स्क्रू वाकलेला. मी अर्धा तास तिथेच बसून होतो. बायको चहा घेऊन आली, तिने फरशी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता कप खाली ठेवला.

त्यामुळे 'घाबरवता' हा आरोप मी मान्य करतो. त्या दिवशी मी घाबरलो, आणि जे मला घाबरवून गेलं तेच लिहितो.

आता तुमचे मिस्त्री. त्यांच्या हाताबद्दल मला आदरच आहे. वीस वर्षांत त्यांना काही झालं नाही यावर माझा विश्वासही आहे. पण त्यांच्या गॅरेजात दुपारी बारा वाजता किती माणसं असतात ते आठवा. दोन पोरं, शेजारचा पंक्चरवाला, गाडी घ्यायला आलेला मालक. गाडी बसली तर चार हात धावतात, दुसरा जॅक तिथेच पडलेला असतो. आपण घरी काम करतो ते रविवारी सकाळी, गेट लावून, एकटे. छातीवर गाडीचा भार आला की माणूस श्वास सोडू शकतो, पण आत घेऊ शकत नाही. म्हणजे हाकही मारता येत नाही. प्राणवायूविना मेंदूला चार-पाच मिनिटांत इजा व्हायला लागते. १०८ ची गाडी कितीही तत्पर असली तरी ती कुणीतरी फोन केल्यावर निघते. म्हणून माझी एक विनंती मागच्या लेखात राहून गेली, ती इथे करतो. गाडीखाली जाताना घरातल्या एकाला सांगून जा, आणि दर दहा मिनिटांनी 'झालं का हो?' असं विचारायला सांगा. आमच्याकडे हे काम मुलगी करते आणि ती ते फार मनापासून करते.

स्टँड परत मागवले गेले, हे खरं आहे. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या हार्बर फ्रेट या कंपनीचे ३ टनी आणि ६ टनी स्टँड परत मागवल्याचं जाहीर झालं. स्टँडचा मधला दांडा वर-खाली होतो आणि त्याच्या दात्यांत खिटी अडकून तो उंचीवर राहतो; ती खिटी पुरेशी खोल बसेलच याची खात्री नव्हती, आणि भार सरकला तर दांडा खाली घसरू शकत होता. जुलैत बदली म्हणून दिलेल्या ३ टनी स्टँडच्या काही मालातही वेल्डिंगचा दोष निघाला आणि तोही परत घ्यावा लागला. यावरून तुम्ही निष्कर्ष काढता की स्टँड आणि वीट सारखेच. मला उलटं दिसतं. त्या स्टँडमध्ये दोष कुठे आहे हे शोधता आलं, कारण कुठे बघायचं ते ठरलेलं आहे. दाते, खिटी, वेल्ड. स्टँड घेताना आणि प्रत्येक वेळी वापरताना तुम्हीही तेच बघू शकता. दांडा वर ओढा, सोडा, हाताने खाली दाबा. खिटी दात्याच्या तळाशी टेकली का, ते वाकून डोळ्यांनी बघा. मनात शंका असेल तर दाते-खिटीऐवजी आरपार जाड पिन घालायचा स्टँड घ्या, त्यात पिन बसली की नाही हे लहान मूलही सांगेल. आणि वरचा आकडा नीट वाचा. '३ टन' हा बऱ्याचदा जोडीचा आकडा असतो, एकाचा नव्हे.

जॅकमध्ये असं काही बघता येत नाही. बाटली जॅक किंवा ट्रॉली जॅक गाडी धरतो ती बंद तेलाच्या जोरावर. ते तेल अडवून ठेवतात एक रबराची रिंग आणि सोडायच्या स्क्रूखालचा एक छोटासा छर्रा. छर्ऱ्याखाली कचऱ्याचा कण अडकला की तेल झिरपतं. आपल्या उन्हाळ्यात तेल पातळ होतं, मग ते जास्तच झिरपतं. मी एका रविवारी रिकामी गाडी बाटली जॅकवर उचलून सिल ते फरशी हे अंतर टेपने मोजलं. दहा वाजता ३२ सेंटिमीटर. साडेअकराला ३१ पेक्षाही कमी. डोळ्यांना गाडी जागच्या जागी होती! जॅक उचलण्यासाठी केलेला आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. खाली यायची वाट त्याच्या आत मुद्दाम ठेवलेली असते. स्टँडवर भार आला की खिटी दात्यात आणखीच घट्ट बसते.

चाकाचा मुद्दा. इथे तुम्ही बरोबर आणि मी चूक. माझ्या गाडीचा टायर १६५ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे आडवं ठेवलेलं चाक साधारण साडेसोळा सेंटिमीटर उंच. रविवारी मी पोर्चमध्ये उताणा झोपलो, मुलीने छातीवर पट्टी आडवी धरली आणि फरशीपासून मोजलं. २२ सेंटिमीटर. साडेसोळामध्ये २२ बसत नाही. ज्या वाक्याने माणूस निर्धास्त होऊन खाली शिरेल ते वाक्य मी लिहायला नको होतं, मूळ लेखातून काढलं आहे. तुमचे मनापासून आभार. स्टँडवर गाडी पुरेशी उंच असेल आणि दोन्ही चाकं काढलेली असतील तर ती एकावर एक ठेवता येतात, तेव्हा ३३ सेंटिमीटर मिळतात. पण तेही स्टँडच्या सोबत, स्टँडऐवजी नाही. त्याखेरीज जॅक काढून घेऊ नका, सिलला नुसता स्पर्श होईल इतका खाली आणून तसाच राहू द्या.

पैशांचं म्हणाल तर मला जोडी दोन हजारांच्या आसपास पडली. ज्याला तेवढे काढणं जड आहे त्याच्यासाठी विटांहून फार बरा मार्ग आपल्याच शहरात आहे. लकडगंजला आरामशीनवर जा आणि साग किंवा बीजा, असेल ते कठीण लाकूड, चार इंच बाय चार इंच, दीड फूट लांबीचे दहा-बारा तुकडे कापून घ्या. दोन तुकडे जमिनीवर समांतर झोपवा, त्यांवर दोन काटकोनात झोपवा, अशी चौकट रचत जा. कोसळलेल्या इमारतीत बचाव पथकं भार असाच तोलून धरतात. उंची दीड फुटाच्या वर नेऊ नका. भेगा गेलेला किंवा वाळवी लागलेला तुकडा चुलीत टाका. असं लाकूड दबतं, आवाज करतं, बाहेर सरकायला अवधी देतं.

स्टँड घेतला म्हणजे काम झालं असं मात्र नाही, आणि मागच्या लेखात मी जमिनीबद्दल फारच कमी लिहिलं. आपल्या लेआउटची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, वर टाकलेला मुरूम आणि पेव्हर ब्लॉक त्याबरोबर हलतात. मेमध्ये डांबरी रस्त्यावर स्टँड ठेवाल तर दुपारपर्यंत त्याचे पाय रुतलेले दिसतील. पायांखाली जाड प्लायवूडचा फूटभर चौकोनी तुकडा घाला, किंवा इतवारीत लोहा ओळीतून पत्र्याची जाड प्लेट कापून आणा. ट्रॉली जॅकची गोष्ट वेगळी. त्याचा हात वर जाताना कमानीत फिरतो, म्हणून उचलताना जॅकला थोडं पुढेमागे सरकावं लागतं. पेव्हरच्या फटीत त्याची चाकं अडकली की जॅक जागेवर राहतो आणि वरची वाटी सिलखालून घसरते.

पोर्चला पाणी जायला गेटकडे ढाळ असतो, हेही विसरू नका. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की तो निकामी. इंजिनचा जोर पुढच्या चाकांना जाणाऱ्या गाडीचं पुढचं एक चाक उचललं तर ती गिअरमध्ये ठेवूनही भरवसा नाही, कारण डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणाऱ्या दात्यांच्या जोडणीमुळे, हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं मोकळं होतं. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढूनमागून लाकडी गुटके लावा, उचलायच्या आधी. आणि स्टँडवर गाडी टेकली की खाली जायच्या अगोदर बंपरला आणि दाराला दोन्ही हातांनी जोरात धक्के द्या. पडायचीच असेल तर ती तुम्ही बाहेर उभे असताना पडली पाहिजे.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलं आहे की या दिवाळीआधी पुढचे लोअर आर्म, म्हणजे चाकांना गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे, तुम्ही स्वतः बदलणार आहात. त्या कामात पुढची दोन्ही चाकं काढावी लागतात आणि अडकलेला बोल्ट सोडवताना पान्यावर अंगाचा जोर देऊन गाडी हलवावी लागते. त्या दिवशी ती विटांवर नको. माझी स्टँडची जोडी, चार गुटके आणि प्लायवूडचे तुकडे पोर्चमध्येच असतात, दसऱ्यापर्यंत माझ्याकडे काही काम नाही. निरोप पाठवा आणि मानेवाड्याला येऊन घेऊन जा. हवं असेल तर मीही येतो, तुम्ही खाली असताना बाहेर कुणीतरी लागेलच.

तुमचा,
लेखक