चार वाक्यांतलं एकच खरं

‘जीन एडिटिंग केलेल्या स्टेम सेलने एचआयव्ही कायमचा बरा होतो. बर्लिनचा रुग्ण बरा झाला. औषध कंपन्या हे लपवतात. आता रोजच्या गोळ्यांची गरज नाही.’ हा मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतोय. चार वाक्यांतलं दुसरं तेवढं खरं आहे.

बर्लिनचे रुग्ण म्हणजे टिमोथी रे ब्राउन. त्यांना एचआयव्ही होता आणि वर ब्लड कॅन्सर. २००७ साली डॉ. गेरो ह्यूटर यांनी बोन मॅरोसाठी, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या मगजासाठी, मुद्दाम असा दाता शोधला, ज्याच्यात सीसीआर५ हे जनुक जन्मतःच निकामी होतं. हे जनुक पेशीवर एक दार बनवतं आणि एचआयव्ही बहुधा याच दारातून पेशीत शिरतो. त्या दात्याच्या जनुकाला कुणी कात्री लावली नव्हती. म्हणजे ब्राउन बरे झाले, पण एडिटिंगने नव्हे.

कात्री लावलेला प्रयोग वेगळा. तो चीनमध्ये झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचआयव्ही आणि ब्लड कॅन्सर दोन्ही असलेल्या रुग्णाला दात्याच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, दिल्या; त्यांतलं सीसीआर५ क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने तोडलेलं होतं. कॅन्सर आटोक्यात आला, बदललेल्या पेशी १९ महिन्यांनंतरही टिकून होत्या. हे यश लहान नाही. पण मॅरोतल्या जेमतेम ५ ते ८ टक्के पेशींतच जनुक तुटलेलं होतं. बाकी दारं सताड उघडी! एचआयव्हीच्या गोळ्या थोडे दिवस थांबवून पाहिल्या, तर विषाणू परत आला. गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. शिवाय काही विषाणू सीएक्ससीआर४ या दुसऱ्याच दारातून शिरतात. त्यांना सीसीआर५ तोडल्याने काही फरक पडत नाही.

आणि ही काही एका इंजेक्शनची गोष्ट नाही. आधी जबर केमोथेरपीने रुग्णाची स्वतःची मॅरो मारावी लागते. कॅन्सर उलटल्याने ब्राउन यांना प्रत्यारोपण दोनदा सोसावं लागलं. कॅन्सर नसलेल्या, गोळ्यांवर ठणठणीत असलेल्या माणसाला कुठला डॉक्टर या जिवावरच्या उपचारात ढकलेल?

लपवालपवीचं म्हणाल, तर ब्राउन यांची केस आणि चीनचा प्रयोग दोन्ही ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आहेत. लपवायला याहून वाईट जागा सापडणार नाही.

खरा धोका चौथ्या वाक्यात आहे. गोळ्यांनी विषाणू मरून संपत नाही, काही पेशींत दडून बसतो. गोळ्या सोडल्या की बहुतेकांमध्ये तो काही आठवड्यांतच डोकं वर काढतो. नियमित घेतल्या आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडेनासा राहिला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागणही होत नाही. भारतात २००४ पासून सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रांत या गोळ्या फुकट मिळतात. हा मेसेज वाचून कुणी गोळ्या आणायची पुढची तारीख चुकवणार असेल, तर त्याला चीनच्या त्या रुग्णाचं काय झालं तेवढं सांगा.