मीठ शेवटी

शनिवारी सकाळी नायजेरियातल्या लागोसच्या नाक्यानाक्यावर अकारा तळतात. अकारा म्हणजे चवळीची भजी. पावात घालून खातात, नाहीतर मक्याच्या आंबवलेल्या पेजेबरोबर, म्हणजे ओगीबरोबर. इथल्या इलुपेजू भागात राहायला आल्यापासून आम्ही विकतच आणायचो. परवा मात्र मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हटलं, "चवळीची भजीच ना ती? घरीच करते." नवरा पेपरामागे गेला. त्याला अनुभव आहे.

चवळी पंधरा मिनिटं भिजवायची आणि तळहातांत चोळून सालं काढायची. सालं तरंगतात, ती ओतून द्यायची, पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं. तासाभराने निम्म्या दाण्यांची सालं निघाली. उरलेले दाणे काळे डोळे वटारून माझ्याकडे बघत होते. म्हटलं, बघा. मिक्सरमध्ये कांदा, चवळी आणि "आता रोडो" नावाची ती इथली जाळ मिरची घातली आणि बटण दाबलं, तर वीज गेली.

इथे वीज गेली की "नेपाने लाइट नेली" म्हणतात. नेपा हे इथल्या सरकारी वीज कंपनीचं नाव २००५ सालीच गेलं. आपली एमएसईबीही त्याच वर्षी मोडली आणि महावितरण आली, तरी माझी आई अजून "एमएसईबीवाले आले नाहीत" असंच म्हणते. नावं गेली, सवयी राहिल्या आणि अंधारही. जनरेटर काढावा लागला. या छोट्या जनरेटरला इथे "आय बेटर पास माय नेबर" म्हणतात, म्हणजे 'शेजाऱ्यापेक्षा माझं बरं चाललंय'. २०२३ च्या मे महिन्यात पेट्रोलवरचं अनुदान काढलं तेव्हा भाव दोन-चार दिवसांत अडीचपटीच्या वर गेला, त्यामुळे हल्ली कुणाचंच बरं चालत नाही. वाटीभर चवळी वाटायला मी पेट्रोल जाळत होते, हे सासूबाईंना कळवू नका.

जनरेटरच्या आवाजाने खालच्या मजल्यावरच्या मम्मी वर आल्या. वयाने मोठ्या बाईला इथे मम्मीच म्हणतात. दारातूनच म्हणाल्या, "वेल डन!"

मी फुलले. आपल्या गुणांची कदर परक्या देशातच होते, वगैरे. (हे "वेल डन" कौतुकाचं नसतंच. समोरचा काम करताना दिसला की इथले योरुबा लोक "ए कू इशे" म्हणतात, त्याचं ते इंग्रजी. गटार उपसणाऱ्यालाही वेल डन. हे मला संध्याकाळी कळलं.)

मम्मी स्टूल ओढून बसल्या. मी वाटणात मीठ घातलं. त्यांनी बघितलं. चिमूटभर हिंग घातला. त्यांनी वास घेतला, आणि खिडकी उघडली. मग मी सोड्याची पुडी काढली.

"ते काय?"

"सोडा. भजी फुलायला."

"सोडा," मम्मींनी शब्द चघळून पाहिला. "कपडे धुणार आहेस का?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. पातेल्यात वाकून म्हणाल्या, "माय डिअर, हे माझ्याकडे बघतायत."

"काय?"

"बीन्स. डोळे आहेत अजून."

"आमच्याकडे सालासकट करतात," मी ठोकून दिलं. खोटं होतं, पण देशाचा प्रश्न होता.

"ओके," म्हणून त्या हाताची घडी घालून बसल्या.

पहिला घाणा सोडला. अकारा तेलात टाकला की गोल फुगून वर यायला हवा. माझा तळाशी गेला, तिथेच पसरला आणि तेल पीत बसला. दुसरा घाणा तसाच. तिसऱ्याला मी गॅसला दोष दिला. मम्मी प्रत्येक घाण्याला "सॉरी ओ" म्हणत होत्या, कुणी पायरीवरून पडल्यावर म्हणावं तसं. शेवटचा घाणा निघाला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मीठ शेवटी, तळायच्या अगदी आधी घालतात. लवकर घातलं की पीठ बसतं. आणि फेटायचं असतं, उखळीत, हवा भरेपर्यंत. सोडा नाही, हात."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू म्हणालीस ना, तुमच्याकडे असंच करतात."

माझं म्हणणं इतकंच आहे की बाई पाऊण तास स्टुलावर बसली होती. माझ्या स्टुलावर. तेल माझं, पेट्रोल माझं. एक वाक्य बोलायला काय जात होतं? आपल्याकडे शेजारीण न विचारता सांगते. तीन पिढ्यांची चूक काढते, पण वेळेवर काढते!

जाताना त्यांनी एक चपटा तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, "यू आर ट्रायिंग." हे ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. तर इथे ती शाबासकी असते म्हणे. इतक्या वर्षांत मला या लोकांचं इंग्रजी कळलेलं नाही, आणि मी एमए आहे, इंग्रजीत.

उरलेले अकारे "मैगार्डला देते" म्हणून त्या माझ्या स्टीलच्या डब्यात घेऊन गेल्या. मैगार्ड म्हणजे आमचा दारवान, उत्तरेतल्या कानोकडचा. तो अकाऱ्याला कोसाई म्हणतो. संध्याकाळी त्याने मला सलाम ठोकला आणि म्हणाला, "मॅडम, बिस्किट व्हेरी नाइस."

डबा अजून खालीच आहे. त्याच्या झाकणावर सासूबाईंचं नाव कोरलंय, नाशिकला, लग्नात.