एकच माउथपीस सगळ्या क्लॅरिनेटना चालत नाही

क्लॅरिनेट शिकणाऱ्यांच्या मोबाइलवर एक सल्ला सारखा फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘आवाज माउथपीसचाच असतो, क्लॅरिनेट कुठलंही घ्या. बी-४५ लावा, काम झालं. माउथपीस जितका उघडा तितका आवाज मोठा. सूर चढला तर बॅरल ओढा. आणि पैसे असतील तर लाकडीच घ्या.’ माउथपीस म्हणजे तोंडात धरायचं टोक, त्यावर बांधलेली पातळ पट्टी म्हणजे रीड, आणि त्याखालचा नळीचा आखूड तुकडा म्हणजे बॅरल; बी-४५ हे एका माउथपीसचं मॉडेल, आणि ‘उघडा’ म्हणजे टोकाशी रीडपर्यंतची फट मोठी असलेला. या सल्ल्यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्यांवर विसंबून माउथपीस घेतला तर पैसे जातात आणि बेसूरपणा तसाच राहतो.

‘आवाज माउथपीसचाच असतो.’ नादाचा पोत बराचसा माउथपीस आणि रीड ठरवतात, हे मान्य. पण सुरेलपणाचं काय? क्लॅरिनेटची नळी बहुतांश सरळ आणि रीडच्या टोकाला बंद असते. त्यामुळे रजिस्टर कळ, म्हणजे वरच्या सुरांत नेणारी अंगठ्याची कळ, दाबली की सनईसारखा वरचा सा येत नाही. खाली सा वाजत असेल तर थेट तार सप्तकातला पंचम येतो. हे सा-पंचमाचं नातं प्रत्येक बोटावर जुळावं म्हणून नळीचा व्यास आणि भोकांचा आकार फार विचारपूर्वक ठरवलेला असतो, आणि त्या हिशेबात माउथपीसच्या आतली पोकळीही धरलेली असते. माउथपीस हा नळीचाच वरचा तुकडा आहे. तो बदलला की नळी बदलते.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे बूझी अँड हॉक्स या ब्रिटिश कंपनीचं १०१० हे मॉडेल. इंग्लंडमध्ये जॅक ब्रायमर यांच्यासारखे वादक ते वाजवत. त्याची नळी सुमारे १५.२ मिलिमीटर रुंद, आणि त्याच्या मूळ माउथपीसचं भोकही तसंच रुंद व सरळ. आजच्या फ्रेंच धाटणीच्या क्लॅरिनेटांचा आदर्श मानलं जाणारं बुफे कंपनीचं आर-१३ रोबेर कारे यांनी १९५०च्या दशकात घडवलं. त्याची नळी १४.६५ मिलिमीटरच्या आसपास. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, पण नळीच्या छेदाचं क्षेत्रफळ त्याने साडेसात टक्क्यांनी बदलतं. आर-१३ साठी केलेला माउथपीस आत निमुळता आणि लहान पोकळीचा असतो. तो १०१० वर चढवला की नळी वरून आखूड केल्यासारखं होतं. उघड्या (एकही भोक न झाकता वाजणाऱ्या) जी पासून बी-फ्लॅटपर्यंतच्या थ्रोट नोट्स सगळ्यात जास्त चढतात, खालचे सूर कमी चढतात, आणि खालच्या-वरच्या सप्तकांचं नातं तुटतं. म्हणजे उत्तम वाद्य आणि उत्तम माउथपीस यांची जोडी बेसूर निघू शकते.

म्हणून माउथपीस निवडताना आधी सूर तपासायचे, पोत नंतर. वाद्य दहा मिनिटं वाजवून गरम करा. ट्यूनर दुसऱ्याच्या हातात द्या. स्वतः काट्याकडे बघितलं की ओठ आपोआप सूर दुरुस्त करतात आणि चाचणी फसते. मग लिखित स्वरांच्या या जोड्या मध्यम जोरात, प्रत्येकी चार-पाच सेकंद वाजवा: सर्वांत खालचा ई आणि त्याच बोटांवरचा बी, खालचा जी आणि वरचा डी, मधला सी आणि वरचा जी, अंगठ्याचा एफ आणि उंच सी. प्रत्येकाचा फरक सेंटमध्ये लिहून ठेवा. अर्ध्या स्वराचे १०० सेंट होतात. सगळेच सूर १० सेंट चढे असतील तर काळजी नको, ते बॅरलने उतरवता येतात. पण खालचा सूर बरोबर आणि वरचा २० सेंट चढा, असं एकाहून जास्त जोड्यांत दिसलं तर तो माउथपीस त्या वाद्याचा नाही. पोत कितीही आवडला तरी परत करा.

‘बी-४५ लावा, काम झालं.’ व्हॅन्डोरेनचा बी-४५ चांगला माउथपीस आहे. टोकाचं उघडेपण १.१९५ मिलिमीटर, रीड साधारण अडीच नंबरची. पण त्याच कंपनीच्या बी-४० चं उघडेपणही १.१९५ आहे, फक्त टोकाची कड जास्त रुंद आहे, आणि वाजवताना दोन्ही वेगळे लागतात. उघडेपणाचा एक आकडा बघून माउथपीस कळत नाही. रीड ज्या सपाट भागावर टेकते त्या टेबलपासून ती कुठे सुटते, म्हणजे फेसिंगची लांबी, तीही बघावी लागते.

आणखी एक गोष्ट, जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते. व्हॅन्डोरेनचे काही माउथपीस पारंपरिक आणि ‘१३ सिरीज’ अशा दोन प्रकारांत मिळतात, आणि बी-४५ त्यांपैकीच एक. पारंपरिक प्रकार ए=४४२ च्या (ए हा सूर सेकंदाला ४४२ कंपनांचा) आसपास लागतो, १३ सिरीज ए=४४० ला. आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे. मे महिन्याच्या वरातीत हवा तापली की क्लॅरिनेट चढतं आणि शेजारचा कीबोर्ड जागचा हलत नाही. मुळातच ४४२ चा माउथपीस असेल तर बॅरल ओढून ओढून थ्रोट नोट्स बिघडतात.

‘माउथपीस जितका उघडा तितका आवाज मोठा.’ जोरात फुंकल्यावर रीड टोकावर जाऊन बसते आणि हवा अडते. त्या क्षणाआधी जेवढा दाब चालतो, तेवढाच आवाज. उघड्या माउथपीसवर मऊ रीड लावली तर मोठ्या आवाजात सूर उतरतो आणि शेवटी आवाज चोंदतो. कडक रीड लावली तर विसर्जनाच्या चार तासांच्या मिरवणुकीत ओठ तासाभरात थकतो आणि कडांतून हवा गळू लागते. यामाहाचा ४सी १.०५ मिलिमीटरचा, बी-४५ १.१९५ चा. फरक जेमतेम दीड कागदाच्या जाडीचा, पण ओठाला तो पहिल्या फुंकेत कळतो. नवशिक्याने १.०५ वर सूर स्थिर करावा. मोठा आवाज भरल्या श्वासातून आणि व्यवस्थित बसलेल्या रीडमधून येतो.

एका ठिकाणी मात्र उघडा माउथपीस खरोखर हवा: रागसंगीतात. मींड काढायला ओठाने सूर खेचावा लागतो. त्याला १.१५ ते १.२०, लांब फेसिंग आणि दोन-अडीचची रीड सोयीची. किंमत अशी, की प्रत्येक सूर कानाने जागेवर धरावा लागतो.

‘सूर चढला तर बॅरल ओढा.’ उघड्या जी साठी हवेचा स्तंभ सुमारे २४६ मिलिमीटर असतो, सर्वांत खालच्या ई साठी सुमारे ५८५. म्हणून बॅरल एक मिलिमीटर ओढलं की उघडा जी अंदाजे ७ सेंट उतरतो आणि खालचा ई फक्त ३. दोनेक मिलिमीटरपर्यंत हे खपतं. त्यापुढे ६५ च्या जागी ६६ किंवा ६७ मिलिमीटरचं बॅरल घ्या, थोडं मधल्या जोडातूनही ओढा.

जुन्या बँडकडून आलेल्या वाद्यांत मोठा धोका इथेच असतो. ब्रिटिश काळातल्या काही क्लॅरिनेटांवर ‘एच पी’ कोरलेलं दिसतं, म्हणजे हाय पिच, ए=४५२ च्या जवळ. आजच्या सुरापेक्षा ते जवळजवळ ४७ सेंट चढं. उघडा जी जुळवायला ७ मिलिमीटर ओढलं तर खालचा ई २१ सेंटच उतरतो, २६ सेंट चढाच राहतो. असं वाद्य हार्मोनियमसोबत काळी पाचला कोणत्याही माउथपीसने लागणार नाही. विकत घेण्याआधी वरच्या आणि खालच्या जोडावरची, म्हणजे नळीच्या दोन मुख्य तुकड्यांवरची, अक्षरं वाचा.

‘लाकडीच घ्या.’ भौतिकशास्त्रज्ञ जॉन बॅकस यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत नळीच्या भिंतीच्या साहित्याचा स्थिर आवाजावर जाणवण्याजोगा परिणाम आढळला नाही. महाग लाकडी क्लॅरिनेट चांगलं वाजतं ते नळीच्या अचूक मापांमुळे, आतून रुंदावलेल्या भोकांमुळे आणि भोकांवर घट्ट बसणाऱ्या, कळांखालच्या पॅडमुळे. हे लाकूड आफ्रिकन ब्लॅकवुडचं, आपल्या शिसवीच्याच कुळातलं, आणि एसी हॉलमधून थेट उन्हात नेलं तर वरचा जोड चिरतो. नवं असेल तर पहिले काही आठवडे दिवसाला वीस मिनिटांपुरतंच वाजवा. पावसातल्या मिरवणुकीला एबीएस प्लास्टिकचं क्लॅरिनेट लाकडीपेक्षा नक्कीच बरं.

आणि माउथपीसवर पैसे घालण्याआधी गळती बघा. वरच्या जोडाची भोकं बोटांनी व अंगठ्याने झाका, खालचं तोंड तळव्याने बंद करा, वरून हवा ओढा आणि जीभ लावून धरा. पाच सेकंद ओढ टिकली तर ठीक. नाही टिकली तर सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी एकेका पॅडखाली घालून, कळ हलकी मिटवून, पट्टी ओढा. जिथे ती अडखळत नाही, तिथून हवा जाते. खालचा ई किंवा एफ दचकून वरच्या सुरावर उडी मारत असेल, तर बहुतेक वेळा दोष अशाच एखाद्या पॅडचा असतो.