गाडीत बसवून तरी बघायचं!

आज डोकं फिरलंय. पोस्ट लांबणार, आधीच सांगतो.

भाचीला घेऊन ड्रायव्हिंग स्कूलला गेलो होतो. तिला जन्मापासून उजवा पंजा नाही. मालकाने फॉर्म घेतला, हात पाहिला, फॉर्म परत सरकवला. "यांना नाही जमणार हो." तेही माझ्याकडे बघून. पोरीने गुपचूप ओढणी हातावर ओढून घेतली. अहो, एकदा गाडीत बसवून तरी बघायचं!

घरी येईपर्यंत डोक्यात एकच माणूस, शर्यतीत गाड्या पळवणारा आर्ची स्कॉट ब्राउन. आपल्याकडे कुणी नाव ऐकलेलं नसणार. स्कॉटलंडमधल्या पेझलीचा, जन्म १९२७चा. गरोदरपणी आईला जर्मन गोवर झाला आणि पोराचा उजवा हात अर्धवटच राहिला, पायही वाकडे. बालपण ऑपरेशनं आणि प्लास्टरमध्ये गेलं. पुढे तंबाखू विकत गावोगाव फिरायचा आणि सुट्टीत आपली एमजी घेऊन हौशी शर्यतीत उतरायचा. गिअर डाव्या हाताने, तेवढा वेळ स्टिअरिंग थोट्या उजव्याने दाबून धरायचं.

१९५४ला आउल्टन पार्कच्या ट्रॅकवर, ब्रिटिश एम्पायर ट्रॉफीच्या वेळी कुणीतरी तक्रार केली आणि शर्यतीच्या साहेबांनी त्याचं शर्यतीचं लायसन काढून घेतलं. सरावात गाडी कशी पळवली ते नाही दिसलं, हात दिसला! आमच्या फॉर्मवाल्याचेच आजोबा ते. मग डॉक्टर, पत्रकार, मित्र भांडले, तेव्हा कुठे परत मिळालं. पुढच्याच वर्षी त्याच ट्रॅकवर तीच ब्रिटिश एम्पायर ट्रॉफी पठ्ठ्याने जिंकली. १९५७त लिस्टर-जॅग्वार घेऊन १४पैकी ११ शर्यती. घ्या!

रस्त्यावर बाकीच्यांचाही जीव असतो, मान्य. आणि हो, आर्ची शर्यतीतच गेला. १९५८, बेल्जियममधला स्पाचा ट्रॅक, वय ३१, रस्ता ओला. पण त्या स्पाने दोन्ही हात धड असलेलेही खाल्लेत.

तो मालकही वाईट नसेल म्हणा, चहा विचारला होता त्याने. पण ती ओढणी डोळ्यांपुढून जात नाही.

रात्री जेवताना भाचीला आर्चीचा फोटो दाखवला. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "मामा, गिअर डाव्याने ना?" ताटाची कड उजव्या मनगटाने दाबून धरली आणि डाव्या हाताने लोणच्याची बरणी पहिल्यातून दुसऱ्यात टाकली.