गिलावा मारायच्या आधी भिंत ठोकून बघा

दिवाळी तोंडावर आली की कोल्हापुरात शिवाजी पेठ, शुक्रवार पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांवर सिमेंटचा गिलावा चढायला लागतो. पोपडे निघाले, मारा सिमेंट, लावा रंग. मंडळी, हात जोडून सांगतो, त्याआधी भिंत तपासा.

आपल्या जुन्या दगडी भिंती बहुतेक दोन तोंडांच्या. बाहेर काळा दगड, आत दुसरा थर, मधे चिपा, माती, चुन्याचा भराव. दोन्ही तोंडं धरून ठेवतात ते आरपार घातलेले लांब दगड. ते कमी असले आणि छपराचं पाणी वर्षानुवर्षं भरावात मुरलं, की माती खाली बसते आणि बाहेरच्या तोंडाला पोट येतं. दगड मात्र टणकच दिसतो.

वरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडा. दोरी भिंतीपासून चार बोटं लांब धरा आणि दर फुटाला दोरी ते भिंत अंतर मोजून लिहा. मधेच अंतर कमी झालं तर तिथं पोट आहे. हेच आतल्या बाजूनंही करा. बाहेर पोट आणि आत भिंत सरळ, म्हणजे दोन तोंडं एकमेकांपासून सुटायला लागलीत. सगळ्यात धोक्याची खूण हीच.

मग पाव किलोची हातोडी घेऊन वीत-वीत अंतरावर हलकेच ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तिथं खडूनं खूण करा. नुसता गिलावा सुटला तरी बद्द वाजतं, म्हणून भिंतीला पोट नसेल तर तेवढा तुकडा काढून थेट दगडावर पुन्हा ठोका. तरीही शंका राहिली तर 10-12 मिमीचं भोक पाडून मोबाईलला जोडायचा नळीचा कॅमेरा आत घाला. भोक दर्जेत, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यात पाडायचं, दगडात नाही. काँक्रीटसाठीचा रिबाउंड हॅमर अशा भिंतीवर मारून आकडे देणाऱ्यांवर विसंबू नका. तो वरच्या दगडाचा कडकपणा सांगतो, आतल्या पोकळीचं त्याला काही कळत नाही.

सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली अशा 2019 आणि 2021 च्या पुरात भिजलेल्या भागांत जोत्यावरचे तीन-चार फूट जास्त बारकाईनं बघा. मातीत बांधलेल्या भिंतीच्या दर्जा पाण्यानं धुऊन जातात. दर्जेत खिळा सहज आत जातो का बघा. लोणा, म्हणजे ओलीनं भिंतीवर येणारे पांढरे क्षार, फुटला असेल तिथं सिमेंट तर नकोच. ओलीला बाहेर पडायची वाट राहत नाही, ती आणखी वर चढते आणि क्षार गिलाव्यामागं विटांचा भुगा करतात. दर्जा साधारण इंचभर खोल खरवडून, पाणी मारून चुन्यानंच भरा.

तुळईची टोकं भिंतीत जातात तिथं दाभण टोचून बघा. मऊ लागलं तर लाकूड कुजलंय.

भेगेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहा. काच तडकली तर भेग अजून चालू आहे. आणि पोट आलेल्या भिंतीचा गिलावा आधार दिल्याशिवाय खरवडू नका. इंजिनिअर येऊन बघेपर्यंत त्या भिंतीलगतची अंथरुणं दुसऱ्या खोलीत हलवा.